नानांची सव्वा मूठ

आमचे घरमालक पहिल्यांदा बोलले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता माझ्या नवऱ्याच्या अंगावर धावून जाणार! आम्ही सुरतेत भेस्तानला खोली बघायला आलो होतो. दारात एक उंच, काटकुळा म्हातारा उभा होता. अंगात बनियन आणि लेंगा, आणि आवाज असा की समोरच्या ओट्यावर झोपलेलं कुत्रं उठून बसलं.

"कोनी धाडात तुमले?"

नवरा दोन पावलं मागे सरला. मी यवतमाळची, मी कशाला सरते? मीही तितक्याच जोरात म्हटलं, "एवढं ओरडायला काय झालं बाप्पा? आम्ही काय बहिरे आहो का?"

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला आणि मग खदखदून हसला. "तुम्ही नही बाई, मी बहिरा शे! भलती मजा!" आणि खोलीची किल्ली त्यांनी नवऱ्याला सोडून माझ्या हातात ठेवली.

हे नाना. सगळी गल्ली त्यांना नानाच म्हणायची, आणि गल्ली जवळजवळ सगळी खानदेशी. खाली नाना, त्यांची बायको जिजी, मुलगा आणि सून, वरच्या मजल्यावर आम्ही. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते. दिवसभर पोरांवर ओरडून घरी यायचं, तर इथे माझ्याहून मोठा आवाज हजर! पण त्या घरात काढलेली वर्षं आठवली की आजही मला बसल्या जागी उठून काहीतरी करावंसं वाटतं. नानांचा उत्साह संसर्गजन्य होता. गोवर-कांजिण्यांसारखा तो घरभर पसरायचा.

कापड विणायच्या लूमला सुरतेत सांचा म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधी नाना धुळ्याकडून इकडे आले आणि सांच्यावर उभे राहिले. आधी कारागीर, मग मुकादम. खटखटाटात कान गेले. हवेत उडणारे कापडाचे तंतू आणि खिशातली बिडी, या दोघांनी मिळून फुप्फुसं नेली. पण ते नंतर कळलं. आम्ही राहायला गेलो तेव्हा नाना जिना चढताना मध्ये थांबायचे, आणि कुणी पाहिलं की कठडा हलवून बघत, "ढिल्ला शे का, दखी ऱ्हायनू," असं म्हणायचे. वर्षभर मला वाटत होतं, कठडा खरंच ढिला आहे.

"भलती मजा" हे त्यांचं पालुपद. वीज गेली की ते खालून ओरडत, "लाइट गयी! भलती मजा! चला गच्चीवर!" पाण्याची मोटर जळाली की चेहरा उजळायचा, कारण आता ती उघडायला मिळणार. भर दुपारी गावाकडून न सांगता पाहुणे आले, की जिजीच्या कपाळाला आठ्या आणि नानांच्या तोंडी भलती मजा. एकदा माझ्या नवऱ्याला सणकून ताप भरला होता. नाना येऊन कपाळाला हात लावून तेच म्हणाले, आणि वर पुस्ती जोडली की तापात मुगाची खिचडी भारी लागते. नवरा आजही तापापेक्षा त्या वाक्यावर जास्त चिडतो.

दुसरी खोड कापडाची. कापड दिसलं की नानांची बोटं शिवशिवत. लग्नात आहेर देताना ते नवरदेवाची शेरवानी चिमटीत धरून चोळून बघत. माझी नणंद पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी तिचा पदर उचलला. ती बिचारी लालबुंद! मी म्हटलं, "वन्सं, घाबरू नका, ते तुमच्याशी नाही, साडीशी बोलताहेत." तोवर निकाल लागलाही होता. "ठगाई गयात तुम्ही ताई! आडवा तार कमी शे!" नणंद अजून ती साडी नेसत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती म्हणजे हातांची भाषा. सांच्यांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथली माणसं हातांनी बोलतात. मनगट तोंडाशी वळवलं की चहा. पोटाभोवती हात फिरवून मोठं पोट काढलं की शेठ आला. आणि उजवा हात डोक्याच्या वर नेऊन, चिमूट धरून ती झटक्यात उघडली, की तार तुटला, सांचा थांबला, ये! ही खूण दिसली की मुकादमानं हातातला घास टाकून धावायचं. जिजी तरुणपणी डबा घेऊन कारखान्यात जायची, तिलाही सगळ्या खुणा पाठ. आम्ही नवीन होतो तेव्हा एकदा मी गॅलरीतून बघते तर नाना गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाडीपाशी आणि जिजी दारात, आणि दोघांचे हात वाऱ्यासारखे चाललेले. मला वाटलं, जिजीला काही झटका आला. धावत खाली गेले. सून हसत म्हणाली, "काही नाही दीदी, गिलके आणायचे का दोडके, त्याच्यावर झगडा चालू छे." तेवढ्यात जिजीनं असा काही हात झटकला की नानांनी मुकाट्यानं गिलके उचलले.

जिजी तोंडानं फार बोलायची नाही. नाना दोघांचं मिळून बोलत.

मग डॉक्टरांनी पंप दिला. छातीच्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, तरुण, फार गोड बोलायच्या. फुप्फुसांचा जुना आजार आहे, बरा होत नाही, पण सांभाळता येतो, असं त्यांनी समजावलं. नाना घरी आले ते पंप मिरवत. गल्लीतल्या प्रत्येकासमोर पंप कसा ओढायचा याचं प्रात्यक्षिक झालं. बिडीचं बंडल त्यांनी त्याच दिवशी गटारात टाकलं आणि गटार तुंबलं म्हणून दुसऱ्या दिवशी पालिकेशी भांडले. आजार झाला तर तोही नानांना नवीन यंत्र मिळाल्यासारखा झाला होता.

पण आजारानं वाट पाहिली. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, नाना आमच्या आधी गच्चीवर. पतंग स्वतः उडवत नव्हते, दुसऱ्याचा कापला की ओरडायचे तेवढं काम त्यांनी घेतलं होतं. थंडी, धूर, धूळ, आणि दिवसभर "काप्यो छे!" दोन दिवसांनी त्यांना असा दम लागला की ओठ निळे पडले. दवाखान्यात पुष्कळ दिवस गेले. नाना परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर ऑक्सिजनचं यंत्र आलं, आणि आम्ही सगळ्यांनी ठरवलं की आता या माणसाला काडी इकडची तिकडे करू द्यायची नाही.

कोणी वाईट वागलं नाही, हे आधी सांगते. दूध मुलगा आणू लागला. मोटर मुलगा चालू करी. सून ताट पलंगावर नेऊन देई, हात धुवायला तांब्या, चूळ भरायला भांडं. अंघोळ जिजी घालायची, कारण अंगावर पाणी पडलं की नानांना श्वास कोंडल्यासारखं व्हायचं आणि ते घाबरायचे. दाढी करायला न्हावी घरी. नाना उठायला लागले की चारही बाजूंनी "आराम करा, आराम करा!" मीसुद्धा वरून ओरडायची.

आणि नाना गप्प झाले.

आधी आम्हाला वाटलं, दम वाचवताहेत. मग त्यांनी न्हाव्याला परत पाठवलं. मग अंघोळ नको झाली. चहा गार होऊन साय धरू लागला. पंप उशाशी तसाच. तोंड भिंतीकडे करून नाना पडून राहायचे, आणि खोलीत फक्त यंत्राची घरघर. मी जाऊन बसले की मान हलवायचे. एकदा मोटर खरंच जळाली. मी मुद्दाम आनंदानं सांगितलं, "नाना, मोटर जळाली!" ते म्हणाले, "नवी लई या." बस्स! जळालेली मोटर उघडून न बघता नवी आणा म्हणणारे हे नाना मला ओळखू येईनात.

मला राग आला. आजाराचा, आमच्या गोड वागण्याचा, त्या भिंतीचा. मी एक खटपट केली. बाजारातून एक नवी साडी आणली, मुद्दाम चकाकणारी, बघताक्षणी फसवी वाटेल अशी. ती नेसून नानांच्या पलंगापाशी गेले आणि पदर थेट त्यांच्या हातावर सोडला.

"कशी आहे?"

त्यांची बोटं हललीच नाहीत. पदर त्यांच्या हातावरून घसरून पलंगावर पडला. "चांगली शे," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मी बाहेर आले आणि जिजीच्या गळ्यात पडून रडले. तोवर मला वाटत होतं की नानांची छाती बिघडली आहे. त्या दिवशी कळलं की दुसरंच काहीतरी बुडत चाललंय.

डॉक्टरीणबाईंकडे या वेळी मीही गेले. त्यांनी छाती तपासली, रिपोर्ट बघितले, बोटाला चिमटा लावून बघितला. मग नानांना मोठ्यानं अंघोळीचं विचारलं, "काका, नहावा जाओ छो?" नानांनी मान हलवली, नाही. "टीव्ही जुओ छो?" नाही. "जीववानुं मन थाय छे?" जगावंसं वाटतं का, असं त्या विचारत होत्या. नाना बराच वेळ त्यांच्या टेबलावरच्या कापडाकडे बघत होते. मग म्हणाले, "उठीसन काय करू, बेन?"

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सांगितलं की फुप्फुसं वाईट आहेत, पण इतकी नाहीत. यांना गल्लीच्या तोंडापर्यंत थांबत थांबत जाता यायला हवं. मन आजारी पडलंय. डिप्रेशन. या आजारात ते पुष्कळांना येतं, आणि ते आलं की माणूस हलत नाही, हलला नाही की अंगातली ताकद जाते, मग दम आणखी लागतो, मग तो आणखी घाबरतो.

मुलगा जरा ताठरला. "म्हणजे मॅडम, पप्पा पागल...?"

"पागल नथी," त्या म्हणाल्या. "छातीनी दवा तेम मननी दवा." जशी छातीची गोळी तशी मनाची. तिचा गुण यायला काही आठवडे लागतील, मध्ये सोडायची नाही. आणि स्टुलावर बसून अंघोळ, पण त्यांच्या हातानं. बसून दाढी, पण त्यांच्या हातानं. उठताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, मग पाऊल टाकायचं, दमले की टेकायचं, मग पुढचं पाऊल. "एमनुं काम एमने पाछुं आपो," असं त्यांनी जिजीकडे बघून म्हटलं. त्यांचं काम त्यांना परत द्या.

गोळ्या सुरू झाल्या. पण काम परत देणं कोणाला जमेना! नाना उठून उभे राहिले आणि छाती वरखाली व्हायला लागली, की मुलाचा धीर सुटायचा. "पप्पा, तुम्ही बसा ने!" मुलगा पाणी घेऊन धावायचा, सून पंखा घेऊन धावायची, मी स्टूल घेऊन धावायची. जिजी तेवढी दारात उभी राहून बघायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

असा श्रावण आला.

खानदेशी घरात श्रावणात कानबाई येते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात, रात्रभर गाणी होतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. सुरतेत तर गल्लोगल्ली कानबाई! त्या सणाचा प्रसाद म्हणजे रोट. आणि रोटाचे गहू असे तसे घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो, ते दळून त्याचेच रोट. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. दर वर्षी नाना वर येऊन मला हे अर्धा तास समजावत, माफी मागत, आणि खिरीचं पातेलंच्या पातेलं ठेवून जात.

नानांच्या घरची आणखी एक रीत होती. ज्याची मूठ त्यानं स्वतः टाकायची. नाना पहिले, मग मुलगा, मग उधना, कोसाड, बारडोली अशा ठिकठिकाणाहून आलेले पुतणे आणि भाऊबंद.

त्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीत सूप मांडलं होतं. घर भरलं होतं. गिरणीवाल्यानं चक्की धुऊन ठेवली होती आणि तो आमचा नंबर सांगून गेला होता. मी बायकांत बसले होते. मुलगा आतल्या खोलीच्या दारात जाऊन मोठ्यानं म्हणाला, "पप्पा, गहू तुमच्यापाशी आणू का?"

आतून नानांचा आवाज आला. बारीक, तुटक, पण सगळ्यांना ऐकू आला.

"औंदा मनी मूठ टाकू नका."

मला बाहेरचीला त्याचा अर्थ क्षणभर उशिरा कळला. जो माणूस घरात उरला नाही त्याचीच मूठ टाकत नाहीत. नाना जिवंतपणी स्वतःला मोजणीतून काढत होते. सुनेच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. एक पुतण्या पुढे होऊन म्हणाला, "काकाजी, मी तुमना नावनी टाकस, काळजी नका करू," आणि सुपाकडे हात नेला.

"हात नही लावाना!"

जिजी! मी त्या घरात तिचा तेवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता. "ज्यानी मूठ त्यानीच टाकानी. नको व्हई तर त्यासनी आठे येईसन कानबाईले सांगानं, नको म्हनीसन. मी नही टाकाव, आनि मी कोन्हाले टाकू बी नही देवाव."

मुलगा म्हणाला, "मग सूप आत नेतो ने."

"सूप हालावू नका!"

आणि सगळे अडकले. नानांची मूठ पहिली. ती पडल्याशिवाय किंवा त्यांनी इथे येऊन नाही म्हटल्याशिवाय बाकीच्यांना टाकता येईना. गिरणीवाल्याचा माणूस दारात येऊन ताटकळला. मुलगा पुन्हा आत जायला निघाला तसा मी त्याचा हात धरला. मलाच धावत आत जावंसं वाटत होतं, पण मी जिजीचा चेहरा पाहिला होता आणि जाग्यावर बसले.

जिजी आतल्या खोलीच्या दारासमोर जाऊन उभी राहिली. आत गेली नाही. तिथून पलंग दिसत होता, आणि नानांचं तोंड नेहमीसारखं भिंतीकडे. तिनं चौकटीवर बांगड्या जोरात आपटल्या. नानांनी मान वळवली. तशी जिजीनं उजवा हात डोक्याच्या वर नेला, चिमूट धरली आणि झटक्यात उघडली.

तार तुटला. सांचा थांबला. ये.

नाना तिच्याकडे बघत राहिले. जिजीनं पुन्हा तीच खूण केली. आयुष्यभर ही खूण दिसली की ज्या माणसानं घास टाकला होता, त्याचे पाय आपोआप पलंगावरून खाली आले! नाना उठून बसले. नाकातली नळी त्यांनी स्वतः काढून ठेवली. थोडा वेळ यंत्राशिवाय चालतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मग ओठांचा चंबू झाला. शिट्टी मारताना होतो तसा. सूं करत हवा बाहेर, आणि एक पाऊल. पलंगाच्या दांडीला टेकले. पुन्हा सूं. कपाटाला टेकले. सुनेनं तोंडात पदर कोंबला होता. मुलाची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. चौकटीपाशी नाना बराच वेळ थांबले, छाती लोहाराच्या भात्यासारखी. आम्हाला वाटलं, आता परत फिरतात. जिजी त्यांना रस्ता देऊन उलट्या पावली मागे सरत गेली, सुपापर्यंत. हात तिनं दिला नाही.

नाना सुपापाशी येऊन स्टुलावर बसले. आता ते काय सांगणार, याच्यावर सगळं होतं. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. त्यांनी समोरच्या गव्हाच्या डब्यात हात घातला, मूठ वर काढली, उघडली, आणि डोळे बारीक करून बघितलं.

"हाऊ गहू कोनी निवडा?"

सून घाबरत म्हणाली, "मी, पप्पा."

"डोया कोठे व्हतात?" दम घेतला. "खडा शे... हाई दख... अजून एक खडा! कानबाईना दात पाडतीस का?"

हसावं का रडावं! नानांनी खडे वेचून बाजूला फेकले आणि गहू सुपात सोडला. मग आणखी पाव मूठ. सव्वा. त्यांचा हात सुपावर तसाच होता आणि बोटं गहू चोळून बघत होती. बोटं हलत होती! मी जोरात ओरडले, काय ते आठवत नाही. एका भाऊबंदानं नाचायलाच सुरुवात केली. मग मुलाची मूठ, मग पुतण्यांच्या धडाधड मुठी, आणि गिरणीवाल्याचा माणूस पिशवी घेऊन पळाला.

गोळ्यांचा गुण तेव्हा लागायलाच आला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. जिजी म्हणते, कानबाई. मी दोघींनाही हो म्हणते.

दुसऱ्या दिवशीची मिरवणूक मी मरेपर्यंत विसरणार नाही. नाना ओट्यावर खुर्चीत, स्वतः केलेली दाढी, दोन ठिकाणी कापलेली. समोर टेम्पोवर डीजे, आणि आवाज असा की शेजाऱ्याचा शब्द ऐकू येऊ नये. बोलायला नानांजवळ दम नव्हता. पण त्या आवाजात दम असलेल्यांचं तरी कुठे कोणाला ऐकू येत होतं? आणि नाचणारे निम्मे लोक सांच्यांवरचे! नानांचे हात वर गेले आणि सगळी गल्ली त्यांच्याकडे बघायला लागली. इकडे सरका. पाणी आणा. त्या पोराला खांद्यावरून उतरवा. पोटाभोवती हात फिरवला तेव्हा खरोखरच एक शेठ मोटारीतून उतरत होता, आणि गल्ली हसून कोसळली. मग नानांच्या लक्षात आलं की पोरं नाचत पुढे गेली आहेत आणि डोक्यावर कानबाई घेतलेली जिजी टेम्पोच्या मागे धुरात राहिली आहे. त्यांनी दोन्ही तळवे आडवे धरले. सांचा बंद! एका दमात सगळे थांबले, कोणीतरी टेम्पोवर थाप मारली, डीजे गप्प झाला. नानांनी खुर्चीतूनच हातानं वाट काढली, जिजीला पुढे घेतलं, आणि मगच बोट फिरवून सांचा चालू केला. माझ्याकडे बघून त्यांनी तळहात हवेत भिरभिरवला. ती खूण मी आधी पाहिली नव्हती, पण विचारायची गरज पडली नाही. भलती मजा!

त्यानंतर सगळे दिवस तसेच गेले असं नाही. मधूनमधून भिंत नानांना बोलावायची. तेव्हा जिजी मोटर चालू करायची ती त्यांच्याकडून, दूध आणायची ते त्यांच्याबरोबर चालत, थांबत. गोळ्या चालूच. आम्ही पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे अमरोलीकडे राहायला गेलो, पण कानबाईला मी नानांकडे सुपापाशी हजर असायचीच.

गेल्या श्रावणात गेले तर नाना आणखी वाळलेले, नळी नाकातच, पण स्टुलावर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले. मी आत शिरताच माझा पदर चिमटीत. "आते शिकन्यात तुम्ही," ते म्हणाले. मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

त्यांची सव्वा मूठ पडली. मुलगा हात पुढे करणार, तेवढ्यात नानांनी तळवे आडवे धरले. सगळे थांबले. नानांनी चुलीकडे बोट केलं, जिथे जिजी भोपळ्याची भाजी ढवळत होती.

"आते हिनी मूठ."

कोणाला काही समजेना. जिजी हातातला झारा तसाच धरून म्हणाली, "बाईनी मूठ कधी ऱ्हास का?"

एक म्हातारे भाऊबंद खाकरले. रीत नाही, असं काहीतरी म्हणू लागले. नानांना वाद घालायला श्वास नव्हता. मुलगा हळूच म्हणाला, "आईच्या नावानं मी टाकतो ने," आणि नानांनी त्याच्या हातावर चापट मारली. सून सूप उचलून चुलीकडे न्यायला वाकली, तर नानांनी सुपावर पाय ठेवायचा तेवढा बाकी ठेवला. मान जोरात हलवली. सूप हलवायचं नाही!

गिरणीवाल्याचा माणूस दारात आला आणि थांबला.

मग नानांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला. चिमूट धरली, आणि झटक्यात उघडली. जिजी चुलीपाशी उभी राहून बघत होती. नानांनी हात खाली घेतला नाही. पुन्हा चिमूट धरली आणि पुन्हा उघडली.

जिजीनं झारा ठेवला, पदराला हात पुसले, आणि गव्हाकडे आली.